सोलापुरात केबलचा सेट-टॉप बॉक्स घेताय? आधी घरातली यादी करा

केबलचा सेट-टॉप बॉक्स ही नवी पेठेतल्या दुकानात जाऊन, चार डबे बघून, त्यातला एक उचलून आणायची वस्तू नाही. सोलापुरात नव्याने घर मांडणारे बरेच जण मात्र तिथूनच सुरुवात करतात. बॉक्स कोणता मिळणार हे ठरतं तुमच्या गल्लीत कोणत्या कंपनीची लाईन आहे त्यावर. ती लाईन तुम्हाला पुरेल का, हे ठरतं घरात कोण कोणत्या भाषेत टीव्ही बघतं त्यावर. डब्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आमच्या घरी आणि नंतर शेजारीपाजारी कनेक्शन लावून देता देता जे कळलं, ते क्रमाने लिहिते.

आधी एक नेहमीची शंका. केबलची वायर थेट टीव्हीत खोचली तर चालत नाही का? नाही चालत. केबलचं डिजिटायझेशन देशात टप्प्याटप्प्याने झालं. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होतं आणि त्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. आता वायरीतून येणारा सिग्नल कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली कंपनीच्या बॉक्समध्येच असते. त्यामुळे टीव्हीत स्वतःचा डिजिटल ट्यूनर असला तरी उपयोग नाही, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या लाईनवर चालत नाही. पुण्याहून सामानाबरोबर बॉक्स आणला असेल तर फेकू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. त्याच कंपनीची लाईन इथे असेल तर बॉक्सच्या पोटावरचा नंबर केबलवाल्याला दाखवा. चालणार असेल तर तोच सांगेल.

१. कागदावर यादी करा

मोबाईलमध्ये नको, कागदावरच करा, कारण हा कागद पुढे केबलवाल्याच्या हातात द्यायचा आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो खरंच बघतो ती चॅनल लिहा. "सगळं लागतं" असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात पाच-सहा चॅनलपलीकडे जात नाही.

सोलापुरात ही पायरी टाळली की पुढे हमखास गोंधळ होतो. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी-उर्दू या शहरात एकाच जिन्यावर नांदतात. आमच्याच घरी बघा: सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांना रात्री झी कन्नड किंवा कलर्स कन्नड हवं. मला स्टार प्रवाह आणि झी मराठी. यांना बातम्या आणि क्रिकेट. खालच्या मजल्यावरचं कुटुंब पद्मशाली, त्यांच्याकडे ईटीव्ही, जेमिनी, स्टार मा यांच्याशिवाय संध्याकाळ होत नाही. आणि केबलवाला विचारतो काय? "ताई, महाराष्ट्र पॅक टाकू का?" महाराष्ट्र पॅक म्हटलं की सहसा मराठी आणि हिंदी चॅनलचा गठ्ठा येतो. कन्नड-तेलुगू त्यात धरलेलीच नसतात. मग पहिल्याच रात्री सासूबाईंचं चॅनल लागत नाही आणि बोलणी ज्याने कनेक्शन घेतलं त्याला.

यादीत तीन रकाने करा. रोज लागणारी चॅनल, कधीतरी बघितली जाणारी, आणि हंगामी. क्रिकेटची चॅनल हंगामी रकान्यात टाका. आयपीएलच्या दोन महिन्यांपुरती वेगळी घ्यायची आणि नंतर काढून टाकायची. वर्षभर त्यांचे पैसे भरत बसण्यात अर्थ नाही.

दूरदर्शनची चॅनल यादीत लिहायची गरज नाही, ती सगळ्यांना द्यावीच लागतात. सह्याद्री आहेच, शिवाय कन्नडसाठी डीडी चंदना आणि तेलुगूसाठी डीडी यादगिरी, डीडी सप्तगिरी आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आहेत हेच पुष्कळदा माहीत नसतं.

२. केबल, छत्री की फ्री डिश?

यादी हातात आली की मग हा प्रश्न.

केबलच्या बाजूने सोलापुरात एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे गावची चॅनल. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, तेव्हा सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा घरबसल्या बघायला मिळतो तो केबलवरच्या स्थानिक चॅनलवर. कोणत्या भागाला पाणी एक दिवस उशिरा येणार, ही सोलापूरकराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बातमीही तिथेच खालच्या पट्टीत पळते. छत्रीवर म्हणजे डीटीएचवर ही स्थानिक चॅनल येत नाहीत. ज्यांचं गावाशी फारसं देणंघेणं नाही, त्यांना याचं काही वाटणार नाही. आमच्याकडे गड्ड्याच्या, म्हणजे याच यात्रेच्या, दिवसांत हा मुद्दा निर्णायक ठरतो.

डीटीएचच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. गल्लीतली लाईन सारखी जाते का, केबलवाला फोन उचलतो का, यावर तुमचं काही अवलंबून राहत नाही. कन्नड-तेलुगू पॅक ॲपवर स्वतः बघून निवडता येतात. शहराच्या कडेला, शेळगी-बाळ्याच्या पुढे किंवा कुंभारीकडे घर असेल आणि केबलची वायर पोचतच नसेल, तर छत्रीच घ्या. पावसात छत्रीचं चित्र जातं हे खरं, पण सोलापुरात पाऊस असा किती! सप्टेंबरचा परतीचा पाऊस आणि मेमधला वळीव, एवढेच काय ते दिवस. गच्चीवर मालकाची परवानगी लागते, हे भाडेकरूंनी विसरू नये.

तिसरी सोय दूरदर्शनची फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याला काही नाही. हिची छत्री जीसॅट-१५ या उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावतात. त्यावर दूरदर्शनची सगळी प्रादेशिक चॅनल आणि काही खासगी चॅनल असतात. मालिकांचं वेड नसलेल्या घराला, किंवा वर्षातून चारदा उघडणाऱ्या गावाकडच्या घराला ही पुरे.

केबल घ्यायचं ठरलं, तर लाईन कोणाची हे केबलवाल्याला विचारण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. दोनच प्रश्न: लाईन गेली तर किती वेळाने येते, आणि रविवारी फोन उचलतात का. काही भागांत दोन केबलवाले असतात, तिथे निवड करता येते. बऱ्याच गल्ल्यांत एकच असतो. तिथे निवड उरते ती फक्त केबल की छत्री एवढीच.

३. पॅकचं गणित

बिल कसं बनतं ते समजलं की निम्मे वाद मिटतात. त्यात तीन भाग असतात: नेटवर्कचा मूळ आकार (म्हणजे लाईन वापरण्याचे पैसे), पैसे मोजून घ्यायच्या चॅनलची किंमत, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. केबलवाला "अडीचशेचा पॅक" म्हणाला तर लगेच विचारा, कर धरून की वेगळा? वेगळा असेल तर वर ४५ रुपये चढतात आणि हातात द्यायचे होतात २९५.

मूळ आकाराबद्दल लोकांच्या डोक्यात जुने आकडे पक्के बसलेत. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांची नवी पद्धत फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाली, तेव्हा १०० चॅनलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, अशी मर्यादा होती. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात २०० चॅनल द्यावीत असं ठरलं. आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही वरची मर्यादाच काढून टाकली. आता आकार कंपनी ठरवते, फक्त तो जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. बसवण्याचा, चालू करण्याचा, घरी माणूस पाठवण्याचा आकारही असाच मोकळा झालाय. तेव्हा २०१९ चा एखादा व्हिडिओ दाखवून केबलवाल्याशी भांडू नका. त्यापेक्षा कंपनीच्या वेबसाईटवरचे आजचे दर उघडून त्याच्यासमोर धरा, त्याचा उपयोग होतो.

आता चॅनल. दोन प्रकारे घेता येतात, सुटी किंवा गठ्ठ्यात. प्रत्येक पैसेवाल्या चॅनलची सुटी किंमत जाहीर असते. १९ रुपयांहून महाग चॅनल गठ्ठ्यात घालता येत नाही. गठ्ठा जवळजवळ नेहमीच स्वस्त दिसतो आणि पुष्कळदा असतोही. पण त्यात तुमच्या यादीतली किती आणि भरताड किती हे मोजा. एका कंपनीची तीन-चार चॅनल हवी असतील तर तिचा गठ्ठा परवडतो. एकच हवं असेल, तर ते सुटं घ्या.

सोलापूरच्या मिश्र घराला माझा सल्ला असा: मराठी-हिंदीचा मुख्य पॅक घ्यायचा आणि कन्नड किंवा तेलुगूची दोन-तीन चॅनल त्यावर सुटी जोडायची. दुसऱ्या राज्याचा अख्खा पॅक वर चढवला तर त्याच हिंदी चॅनलचे पैसे पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते. मात्र आधी विचारा, केबलवाल्याने इथल्या गिऱ्हाइकांसाठी मराठी-तेलुगू किंवा मराठी-कन्नड असा जोडपॅक बनवलाय का. पूर्व भागात, अशोक चौक-कन्ना चौकाच्या बाजूला, तेलुगूची मागणी केबलवाल्याला सांगावी लागत नाही. जुळे सोलापुरात सांगावी लागते.

जाता जाता एक सापळा: वेगवेगळे पॅक जोडताना एकाच चॅनलचं एसडी (साधं) आणि एचडी (जास्त स्पष्ट) रूप दोन्ही येत नाही ना, ते बघा. चित्र एकच, पैसे दोनदा. दुसरा सापळा महिन्याचा. महिना म्हणजे ३० दिवस की तारखेला तारीख, हे विचारून ठेवा. ३० दिवसांचा महिना धरला तर वर्षात बारा रिचार्जने भागत नाही.

४. आता बॉक्स

इथे फार डोकं खाजवायचं कारण नाही.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर एसडी बॉक्स पुरतो. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची वायर त्याला लागते. बॉक्सच्या मागे ती भोकं आहेत ना तेवढं बघा, काही नव्या बॉक्सना नसतात. फ्लॅट टीव्ही असेल तर एचडी बॉक्सच घ्या आणि एचडीएमआय वायर मागून घ्या. एचडी बॉक्स घेतला म्हणजे सगळी चॅनल एचडी दिसतील असं नाही, पॅकमध्ये एचडी चॅनल असतील तीच दिसतील. तरी एचडीएमआय वायरीवर साधी चॅनलसुद्धा तीन पिनांपेक्षा स्वच्छ दिसतात.

अँड्रॉइड बॉक्स म्हणून एक महागडा प्रकार पुढे केला जातो. त्यात केबल आणि यूट्यूब, ओटीटी एकत्र असतात. टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर हा खर्च वाया. टीव्ही साधा असेल आणि घरात चांगला वायफाय असेल, तर विचार करायला हरकत नाही.

बॉक्स विकतचा की भाड्याचा, हे नीट विचारा. "फुकट देतो" म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचाच, परत करायचा. वर्ष-दोन वर्षांत घर बदलणाऱ्यांना भाड्याचा बरा. विकत घेतलात तर वॉरंटी किती दिवसांची आणि त्यात ॲडॉप्टर धरलाय का, हे पावतीवर लिहून घ्या. बॉक्सपेक्षा ॲडॉप्टरच आधी जातो. दुसऱ्याकडून निघालेला बॉक्स पुसून "नवीन" म्हणून मिळतो, तोही ओळखता येतो. पायाखालचे रबर झिजलेले असतात आणि रिमोटवरच्या आवाजाच्या बटणाचा रंग उडालेला असतो. जुना घेण्यात वाईट काही नाही, फक्त पैसे जुन्याचे द्या.

दोन टीव्ही असतील तर दोन बॉक्स आणि दोन पॅक लागतात. दुसऱ्या टीव्हीला काय सवलत, ते कंपनीगणिक बदलतं. एका बॉक्समधून वायर ओढून दोन टीव्ही चालतात, पण दोन्हीवर एकच चॅनल दिसणार. भांडण मिटायच्या ऐवजी दोन खोल्यांत पसरतं.

५. कागदपत्रं

हे जवळ ठेवा:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (लाईटबिल चालतं, भाडेकरूंना भाडेकरार)
- तुमच्या स्वतःच्या नावावरचा मोबाईल नंबर
- चॅनलची यादी
- आगाऊ रकमेचे पैसे, शक्यतो यूपीआयने

मोबाईल नंबर केबलवाल्याला स्वतःचा टाकू देऊ नका. काही जण सोय म्हणून दहा गिऱ्हाइकांना एकच नंबर लावतात. मग कंपनीच्या ॲपमध्ये तुम्हाला तुमचाच पॅक दिसत नाही, आणि पुढे कनेक्शन तुमचं आहे हेच सिद्ध करावं लागतं. आधारची झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर "केबल कनेक्शनसाठी" आणि तारीख असं आडवं लिहून द्या.

ग्राहक अर्ज भरून घेणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. तोंडी कारभार सोलापुरात अजून चालतो, माणसं ओळखीची असतात, "ताई, काय काळजी करता" म्हणतात. काळजी करू नका, पण पावती घ्या. पावतीवर बॉक्सचा नंबर, बॉक्समध्ये खोचायचं कार्ड असेल तर कार्डाचा नंबर, डिपॉझिट की विक्री, आणि रक्कम एवढं हवं. मग बॉक्स उलटा करून स्टिकरचा फोटो काढा, बाजूला रिमोट आणि ॲडॉप्टर ठेवून.

६. माणूस बसवायला येईल तेव्हा

त्याच्या शेजारी उभ्या राहा, किंवा घरातल्या कोणाला तरी उभं करा. पुढचा निम्मा त्रास या अर्ध्या तासावर ठरतो.

वायर एकसंध ओढायला सांगा. मध्ये जोड नको, आणि असलाच तर तो गच्चीवर उघडा नको. खिडकीतून आत येताना वायरीला बाहेरच्या बाजूला खाली एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता तिथेच टपकतं.

मग जॅकपिन. ही बारीक गोष्ट आहे, पण चित्र फुटण्याचं मोठं कारण हीच. वायर सोलली की मधोमध तांब्याची एक तार आणि भोवती जाळी दिसते. जाळी मागे दुमडून पिन बसवायची आणि मधली तार पिनेच्या तोंडातून किंचित बाहेर डोकावली पाहिजे. जाळीची केसाएवढी तार जरी मधल्या तारेला टेकली, तरी सिग्नल पडतो. घाईत असलेला माणूस दाताने वायर सोलतो आणि पिन हाताने दाबतो. त्याला पक्कड द्या, चहाही द्या, पण पिन पुन्हा करायला लावा.

बॉक्सची जागा मोकळी हवी. टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेमागे नको, आणि वर क्रोशाचा रुमाल तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२ च्या वर जातो, आणि बंद कपाटात बॉक्स तापून अडकायला लागतो. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असतील तर आणखी एक काम वाढतं. सुताची बारीक कुसं हवेत असतात, ती बॉक्सच्या जाळीत बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत करडा थर होतो. प्लग काढून कोरड्या ब्रशने झटकायचं. ओलं फडकं नको.

चालू झाल्यावर मेनूत जाऊन सिग्नलचे दोन पट्टे बघा, एक स्ट्रेंथचा आणि एक क्वालिटीचा. दोन्ही चांगले असतील त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करताना "सिग्नल कमी आहे" असं म्हणण्यापेक्षा दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, की केबलवाला गच्चीवर मुकाट चढतो.

माणूस जायच्या आत यादीतलं प्रत्येक चॅनल लावून बघा. "संध्याकाळपर्यंत येईल" यावर सही करू नका.

७. रिमोट आणि सेटिंग

दोन रिमोटचा कंटाळा येतो. बॉक्सच्या रिमोटवर वेगळ्या रंगाची चार-पाच बटणं असतील तर ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकतात. साधारण रीत अशी: सेटअप किंवा तसंच एखादं बटण दिवा पेटेपर्यंत दाबून धरायचं, जे बटण शिकवायचं ते दाबायचं, दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि टीव्हीच्या रिमोटचं तेच बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकलं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एवढं करून द्याच.

चित्रातली माणसं आडवी ताणलेली दिसत असतील तर मेनूतून चित्राची लांबी-रुंदी टीव्हीला जुळेल अशी निवडा, फ्लॅट टीव्हीला सहसा १६:९. आवाज बॉक्सवर भरपूर ठेवून कमीजास्त टीव्हीवर करा. ऑडिओचं बटण दाबून बघा. कार्टून आणि डिस्कव्हरीसारख्या चॅनलवर हिंदी, तमिळ, तेलुगू असे पर्याय सापडतात. खालच्या मजल्यावरच्या पोरांना त्यांचं कार्टून तेलुगूतून लागतं हे कळलं, तेव्हापासून ती आमच्याकडे येईनाशी झाली. आवडती चॅनल फेव्हरिटमध्ये टाका. मुलांसाठी लॉक लावणार असाल तर पिन बदला, ०००० आणि १२३४ पोरं पहिल्या झटक्यात उघडतात.

पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होत असलं, तरी ते सहसा त्याच बॉक्सवर दिसतं. दुसऱ्याला द्यायला चालत नाही.

८. बंद पडलं तर

"नो सिग्नल" दिसलं की आधी बघा, हे अक्षर टीव्ही दाखवतोय की बॉक्स. टीव्ही दाखवत असेल तर कोणीतरी सोर्सचं बटण दाबलंय. एचडीएमआय १ की २, ते फिरवून बघा. बॉक्सवर दिवाच नसेल तर ॲडॉप्टर. दिवा आहे, बॉक्सच सिग्नल नाही म्हणतोय, तर शेजारी विचारा. त्यांचंही गेलं असेल तर लाईन गेली, थांबा.

चित्रात चौकोन येतात, आवाज तुटतो, तेव्हा कोणत्या चॅनलवर हे होतंय ते बघा. केबलमध्ये एकेका फ्रिक्वेन्सीवर बरीच चॅनल एकत्र येतात. दहा-बारा चॅनल एकदम फुटत असतील आणि बाकीची स्वच्छ असतील, तर दोष सहसा लाईनचा किंवा पिनेचा, बॉक्सचा नाही. "बॉक्स बदलायला लागतोय" असं कोणी म्हणालं तर हे त्याला सांगा.

रिचार्ज केला तरी चॅनल सुरू होत नसेल तर बॉक्स चालू ठेवून ते चॅनल लावून थांबा आणि केबलवाल्याला "रिफ्रेश मारा" म्हणून सांगा. परवानगी वायरीतूनच येते. बॉक्स बंद असेल तर ती घेणार कोण? गावाला जाऊन महिनाभराने आलात तरी हेच करा.

स्क्रीनवर मधेच आकडे उमटून जातात, त्याला घाबरू नका. तो तुमच्या बॉक्सचा नंबर असतो, चोरून प्रक्षेपण कोण करतंय ते शोधण्यासाठी कंपनी तो टाकते. अपडेट चालू असताना मात्र प्लग काढू नका. आणि "फॅक्टरी रीसेट" हे बटण मेनूत दिसलं तरी सोडून द्या. रीसेटनंतर बॉक्स फ्रिक्वेन्सी विचारतो आणि ती केबलवाल्याशिवाय कोणाला माहीत नसते.

"तुमचं केबल आज रात्री बंद होईल, ही लिंक उघडा" असा मेसेज आला तर तो पुसून टाका. रिचार्ज कंपनीच्या ॲपवर किंवा केबलवाल्याकडे, तिसरीकडे नाही. फोनवर सांगून मोबाईलची स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावणारा माणूस केबलचा नसतो.

९. तक्रार

केबलवाल्याला सांगून झालं आणि काही हललं नाही, तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय पुढे काही होत नाही. आमच्या ओळखीत एकाचे दोन रिचार्ज कापले गेले होते. नुसतं तोंडी सांगत राहिला तोवर कोणी दाद दिली नाही. क्रमांक घेऊन यूपीआयची पावती पाठवली तेव्हा पैसे पुढच्या महिन्यात वळते झाले. कंपनीचा नोडल अधिकारी ही वरची पायरी, त्याचा पत्ता वेबसाईटवर असतो. तिथेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्यांना पत्र लिहून वाट बघत बसू नका.

१०. घर बदलताना

त्याच शहरात जात असाल तर आधी नव्या गल्लीतली लाईन कोणाची ते बघा. त्याच कंपनीची असेल तर बॉक्स न्या आणि पत्ता बदलून घ्या. वेगळी असेल तर भाड्याचा बॉक्स परत द्या. कोणाच्या तरी हाती पाठवू नका. स्वतः द्या आणि बॉक्सच्या नंबरासह "परत मिळाला" असं लिहून घ्या, नाहीतर तुमच्या नावावर तो तसाच राहतो. पॅक संपायच्या दोन-चार दिवस आधी दिलात तर शिल्लक रकमेवरून हुज्जत होत नाही. रिमोट किंवा ॲडॉप्टर हरवला असेल तर डिपॉझिटमधून कापतात, आणि किती कापायचं हे त्यांच्या मनावर असतं. तेव्हा बॉक्स आला त्या दिवशीचा फोटो सोबत ठेवा.